बेचाळीस दिवसांचं इंग्रजी

एस्तेर चोपडे 'जागतिक' या इंग्रजीच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा तिच्यापेक्षा जास्त अपमान मगदूम बाईंना वाटला. एस्तेरने निकाल दाखवण्यासाठी फोन बाईंच्या टेबलावर ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. बोलणं आठ, वाचन आठ, लेखन साडेसात आणि ऐकणं साडेसहा. सातच्या खाली कुठलाही देश दारात उभं करत नव्हता.

प्रभावती मगदूम मिरजेत स्टेशन रोडला एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर बावीस वर्षं इंग्रजीचा वर्ग चालवत होत्या. विद्यार्थी बहुतेक नर्सा. मिरज दवाखान्यांचं गाव, आणि तिथल्या नर्सांना परदेशी जायचं तर इंग्रजी हवं. बाई स्वतः शिरोळजवळच्या खेड्यातल्या, मराठी शाळेतल्या. पाचवीत एबीसीडी शिकल्या, आणि पुढचं सगळं इंग्रजी त्यांनी व्याकरणाची पुस्तकं आणि रेडिओवरच्या बातम्या यांच्या बळावर मिळवलं होतं. आपलं इंग्रजी जगात कुठेही चालेल, असा त्यांचा समज होता. 'जागतिक' सुरू झाली त्या वर्षी कुणाला न सांगता त्या कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा देऊन आल्या होत्या. ऐकण्यात त्यांना साडेपाच मिळाले. तो निकाल त्यांनी कधीच कुणाला दाखवला नाही.

ही परीक्षा आधीच्या परीक्षांसारखी नव्हती. तिच्यातलं इंग्रजी इंग्रजांचं नव्हतं आणि अमेरिकनांचंही नव्हतं. ते सगळ्या जगाचं होतं. कानाला यंत्र लावलं की एक अख्खा वॉर्ड ऐकू यायचा. नायजेरियाचा डॉक्टर, फिलिपिन्सची नर्स, कोरियाचा भूलतज्ज्ञ, गुरगुरणारा आयरिश म्हातारा, सगळे एकाच वेळी बोलताहेत, मागे मॉनिटर वाजतोय, आणि त्यातून डॉक्टरने पंधरा म्हटलं की पन्नास, ते सांगायचं. पूर्वी कानात घालायची भाषांतराची यंत्रं होती. पण दोन-तीन देशांत औषधाचं प्रमाण चुकीचं भाषांतरित होऊन माणसं दगावली, तेव्हापासून वॉर्डात माणसाने माणसाचं स्वतःच्या कानाने ऐकलं पाहिजे, असा नियम आला होता.

एस्तेर अकरा वर्षं अतिदक्षता विभागात होती. तिचे हात असे, की सीनियर डॉक्टर अवघड सुई तिच्याकडे सोपवायचे. पण तिच्या दवाखान्यात आता खाटांवर नजर ठेवणारी यंत्रं आली होती आणि तीस नर्सांच्या जागी अकरा उरणार होत्या. आयर्लंडमध्ये अजून प्रत्येक खाटेशी माणूस लागतो असा कायदा होता. तिथे जायचं, दोन वर्षांनी नवऱ्याला आणि मुलीला बोलवून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. नवरा दानिएल एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. मुलगी रिबेका, म्हणजे रिबू, चार वर्षांची.

"बाई, वाचलेलं सगळं कळतं," एस्तेर म्हणाली. "एकेक माणूस बोलला तरी कळतं. सगळे एकदम बोलले की माझे कान मिरजेला परत येतात."

यावर काय उपाय सांगायचा ते बाईंना ठाऊक नव्हतं.

*

उपाय सहा महिन्यांनी मिरजेत येऊन उभा राहिला. सांगली रोडला एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात 'स्वरसेतू' नावाचं केंद्र निघालं. लोक त्याला सरळ 'कान करून घेणं' म्हणू लागले. केंद्राचे प्रमुख डॉ. होसमनी मूळचे बेळगावचे. उमेदवार निवडायला, त्यांना समजावून सांगायला आणि निवासात त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांना गावातलं विश्वासाचं माणूस हवं होतं. ते माडीचा जिना चढून स्वतः बाईंकडे आले. त्या दिवशी वर्गात तीनच मुली होत्या.

डॉक्टरांनी बाईंना सगळं नीट समजावलं. सहा महिन्यांच्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे ध्वनी वेगवेगळे ऐकू येतात. जपानी बाळाला 'र' आणि 'ल' यांतला फरक कळतो, इंग्रज बाळाला आपला 'त' आणि 'ट' वेगळा कळतो. पण वर्षाचं होईपर्यंत जे रोज कानावर पडतं तेवढंच मेंदू ठेवतो आणि बाकीच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पुढे ठरावीक वयानंतर मेंदूच्या पेशींभोवती साखर आणि प्रथिनं यांची एक बारीक जाळी विणली जाते. जमलेलं पक्कं राहावं म्हणून ही सोय. म्हणूनच लहानपणी भाषा येते, आणि मोठेपणी ती शिकावी लागते.

"आमचं औषध ती जाळी सैल करतं," डॉक्टर म्हणाले. "बेचाळीस दिवस. तेवढे दिवस मेंदूचा ऐकण्याचा भाग पुन्हा तान्ह्या बाळासारखा होतो. त्या काळात आम्ही सत्तर देशांच्या माणसांचं इंग्रजी ऐकवतो, झोपेतसुद्धा. दुसरी कुठलीही भाषा कानावर पडू द्यायची नाही. मग औषध थांबलं की जाळी पुन्हा विणली जाते."

"आणि मराठी?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. सैल झालेली जाळी कुणासाठी सैल झाली ते बघत नाही, असं ते म्हणाले. जे त्या दिवसांत ऐकू येत नाही, ते पुसट होतं. बहुतेकांची मातृभाषा वर्षभरात परत येते. त्यांनी स्वतः हा उपचार घेतला होता आणि त्यांचं कन्नड आठ महिन्यांत ठीक झालं होतं. पण शंभरात चार जणांची येत नाही. ती का येत नाही ते अजून कळलेलं नाही, आणि कुणाची येणार नाही ते आधी ओळखता येत नाही. संमतीपत्राच्या अकराव्या कलमात हे लिहिलेलं होतं.

बाईंनी काम पत्करलं. वर्ग बंद पडतच होता हे एक कारण. दुसरं त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. आपल्या हाताखालून एक तरी मुलगी त्या ऐकण्याच्या परीक्षेत आठाच्या वर गेलेली त्यांना बघायची होती.

पहिल्या तुकडीसाठी एस्तेर आली. बाईंनी संमतीपत्र तिला मराठीत वाचून समजावलं. दहाव्या कलमापर्यंत शब्दन् शब्द. अकराव्याशी त्या थांबल्या. समोर एस्तेर ओठ घट्ट मिटून बसली होती. चार हा आकडा ऐकून ही उठून जाईल असं बाईंना वाटलं. त्या म्हणाल्या, "आपल्या भाषेवर थोडा गंज चढतो. वर्षभरात निघतो."

"तुम्ही माझ्या जागी असता तर, बाई?"

"मी केलं असतं."

एस्तेरने सही केली.

*

निवासात चौदा जणी होत्या. कुणी कुणाशी मराठीत बोलायचं नाही, फोन नाही, भेटी नाहीत. कानात सतत यंत्र. केनियाची बाई भाजी चिरताना बोलतेय, पोलंडचा म्हातारा पाठदुखीची तक्रार करतोय, असं तासन् तास ऐकणं चालायचं. बाईही तिथे इंग्रजीतच बोलायच्या. दहाव्या दिवशी मुली सिंगापूरच्या टॅक्सीवाल्याच्या विनोदाला हसायला लागल्या, आणि तो विनोद बाईंना कळला नाही.

विसाव्या दिवशी दानिएल रिबूला घेऊन फाटकाशी आला. तिला फक्त मम्मीची खिडकी दाखवायची होती. रिबूने खालून हाक मारली. वरच्या मजल्यावर बाई एस्तेरच्याच खोलीत होत्या. नियमाप्रमाणे त्यांनी खिडकी लावून घेतली. एस्तेर जागची उठली नाही. ती पलंगावर बसून होती, आणि बाईंना वाटलं, ती मोठ्या धीराने घेतेय.

तिसाव्या दिवशी जेवणाच्या टेबलापाशी बाई चुकून मराठीत बोलून गेल्या. एस्तेर पाठमोरी होती. बाई म्हणाल्या, "एस्तेर, जेवलीस का गं?" एस्तेरने मागे वळूनही पाहिलं नाही. बाकीच्या दोघीतिघींनी दचकून बघितलं, एकीने ओठांवर बोट ठेवलं. एस्तेर वाटीतलं दही ढवळत राहिली. कुणीतरी बोललं, एवढंसुद्धा तिच्या पाठीवर उमटलं नाही.

ही गोष्ट नोंदवहीत लिहायला हवी होती. लिहिली असती तर डॉक्टरांनी औषध थांबवलं असतं, कदाचित काही वाचलंही असतं. पण मग उरलेल्या बारा दिवसांसाठी सगळं फुकट गेलं असतं आणि एस्तेर चौथ्यांदा नापास झाली असती. बाईंनी वही उघडली, तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, 'सर्व ठीक.'

एस्तेरला ऐकण्यात नऊपैकी नऊ मिळाले. त्या वर्षी महाराष्ट्रात तेवढे गुण फक्त दोघांना होते.

*

घरी गेल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. एस्तेरला मराठी वाचता येत होतं, लिहिता येत होतं. बोलताही येत होतं, पण कानावर पडणारं मराठी तिला सुटं होऊन ऐकू यायचं नाही. शब्द कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो, तेच कळायचं नाही. दानिएल सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला तर निम्मं समजायचं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, गंज आहे.

गंज निघाला नाही. उलट तिचं बोलणंही बिघडत गेलं, कारण आपण काय उच्चारतोय ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. 'बाळ'चं 'बाल' झालं, 'पाठ'चं 'पाट' झालं. रिबूला सुरुवातीला गंमत वाटली. ती मम्मीला सुधारायची. मग कंटाळली. मग ती मम्मीशी बोलेनाशीच झाली, नुसती येऊन मांडीत बसायची.

मोठ्या माणसांना मार्ग सापडला. दानिएल आणि एस्तेर फोनवर लिहून बोलू लागले, शेजारी बसूनसुद्धा. पण रिबूला लिहिता येत नव्हतं. चार वर्षांच्या पोरीला जे काही सांगायचं असतं, ते तिला तोंडानेच सांगावं लागतं.

दवाखान्यातही निभेना. जत भागातली एक म्हातारी छातीत दुखतंय म्हणून सांगत होती आणि एस्तेरला ती पाणी मागतेय असं वाटलं. दुसऱ्या नर्सने वेळेवर बघितलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून एस्तेरला कागदपत्रांच्या कामाला बसवलं. ज्या गावात ती जन्मली, त्या गावातल्या रोग्यांसाठी ती आता निरुपयोगी होती. बाहेर मात्र तीन देशांतून तिला बोलावणं आलं होतं.

पुन्हा औषध घेऊन मराठी ऐकवलं तर? दानिएलने हे डॉक्टरांना विचारलं. दुसऱ्यांदा जाळी सैल केली तेव्हा प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना झटके आले होते. माणसावर ते करायला परवानगी नव्हती, आणि डॉक्टरांनी ते केलंही नसतं. एवढं सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते, असं दानिएल पुढे बाईंना म्हणाला.

चौदा मुलींमध्ये एकटी एस्तेर त्या चारांतली निघाली. जानेवारीत ती आयर्लंडला गेली.

*

बाईंनी केंद्राचं काम सोडलं. एस्तेरला त्यांनी एक लांबलचक इंग्रजी पत्र लिहिलं. अकराव्या कलमातला आकडा आपण गाळला हे लिहिलं, तिसाव्या दिवसाचंही लिहिलं. व्याकरणाची एकही चूक त्यात नव्हती. एस्तेरचं उत्तर दोन ओळींचं आलं. आकडा सांगितला असतात तरी कदाचित मी आलेच असते, तिने लिहिलं होतं. पण बाई, तुम्ही म्हणालात मी केलं असतं, मग तुम्ही स्वतः का नाही करून घेतलं?

बाईंनी ते पत्र पुष्कळ दिवस समोर ठेवलं. उत्तर त्यांना माहीत होतं. चार हा आकडा त्यांनी स्वतःसाठी मात्र नीट वाचला होता.

एप्रिलच्या एका दुपारी दानिएल जिना चढून वर आला. धुतलेला शर्ट होता, पण नखांत वंगण राहिलं होतं. रिबूला खाली दुकानदाराकडे बसवून आला होता. त्याने घरातलं सांगितलं. फोनवर भाषांतराचं यंत्र लावून बघितलं होतं. रिबू गोधडीला 'गुबडी' म्हणते, घामाला 'घामोटी' म्हणते, असलं काही यंत्राला कळत नव्हतं, तरी बाकी बरं चाललं होतं. मग त्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या यंत्राला एस्तेरचा जुना आवाज दिला. जुन्या व्हिडिओंवरून आवाज करता येतो. यंत्र एस्तेरच्या आवाजात शुद्ध मराठी बोलू लागलं आणि रिबू खूश झाली. आठवड्याभरात तिने फोन टेबलावर पालथा घालून ठेवायला सुरुवात केली. तिला त्या आवाजाशी बोलायचं होतं. पडद्यावरची बाई, जिचे ओठ वेगळेच हलतात, ती तिला नको होती. तिकडे एस्तेर काळ्या पडद्याकडे बघत बसायची. दानिएलने यंत्र काढून टाकलं.

"बाई, तुम्ही रिबूला इंग्रजी शिकवा," तो म्हणाला. "तिच्या आईशी बोलण्यापुरतं."

बाईंनी त्याला आधी सगळं सांगितलं, जे पत्रात लिहिलं होतं ते. शंभरात चार. खिडकी. नोंदवहीतलं 'सर्व ठीक'. सांगताना त्या उभ्या होत्या. दानिएलने मान खाली घालून ऐकलं. मग बराच वेळ तो अंगठ्याने दुसऱ्या हाताच्या नखातलं वंगण काढत राहिला.

"हे एस्तेरला माहिती आहे?"

"हो. मी लिहिलं तिला."

"मग मला कशाला सांगता?" तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, तशाच आवाजात, "उद्यापासून आणू का तिला?"

*

बाईंनी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, पण आईशी बोलण्यापुरतं इंग्रजी म्हणजे काय ते त्यांना कधी विचार करून बघावं लागलं नव्हतं. त्यांच्या पुस्तकांत बँकेतलं संभाषण होतं, विमानतळावरचं होतं, मुलाखतीतलं होतं. मला झोप येतेय पण झोपायचं नाही, हे नव्हतं. माझा दात हलतोय, बोट लावून बघ, हे नव्हतं. बाईंनी नवी वही केली. रोज रिबूला विचारायचं, मम्मीला आज काय सांगायचंय, आणि तेवढंच शिकवायचं.

रिबू पाच वर्षांची होती. तिच्या डोक्यातली जाळी अजून विणली गेली नव्हती, तिला कुठलं औषध लागणार नव्हतं. तिने बाईंचं इंग्रजी घेतलं, मग फोनवरून आईचं घेतलं, आणि सहा महिन्यांत बाईंच्या उच्चारांना हसू लागली. त्या दिवाळीत ती आईशी अर्धा तास बोलली. कुत्र्याच्या पिल्लाची एक मोठी गोष्ट तिने सांगितली, मधे एकदाही न अडता. पडद्यावर एस्तेर तोंडावर हात धरून ऐकत होती. बाई बाजूला बसल्या होत्या, आणि त्यांना वाटलं, आपल्या हातून गेलेल्या एका गोष्टीची थोडी तरी भरपाई झाली.

दानिएल त्या वेळी दाराशी उभा होता. गोष्ट संपल्यावर दोघी हसल्या. तोही हसला, कशाला ते न कळता.

पुढच्या वर्षी एस्तेरला कुटुंब नेण्याची परवानगी मिळाली. मुलांना परीक्षा नव्हती. नवऱ्याला मात्र 'जागतिक' होती. दानिएलचं इंग्रजी म्हणजे गाडीच्या भागांची नावं. त्याला एकच रस्ता होता, सांगली रोडचा. त्याने तिथून कागद आणले आणि बाईंकडे वाचून घ्यायला आला. बाईंनी सगळी कलमं वाचली. अकरावं दोनदा वाचलं.

"तिचं गेलं," दानिएल सही न करताच कागदाची घडी घालत म्हणाला. "रिबूचंही जाईल तिकडे. माझंही गेलं तर आमच्या घरात कोण काय बोलायचं, ते सांगणारं कुणी उरणार नाही."

एस्तेर रडली, भांडली, लिहून भांडली. पण इथे रिबूजवळ आई नव्हती, आणि आईचं मराठी परत येणार नव्हतं. मुलीने आईकडे जावं, हे शेवटी दानिएलनेच ठरवलं. जूनमध्ये एस्तेर येऊन रिबूला घेऊन गेली. कोल्हापूरच्या विमानतळावर रिबूने पप्पाच्या गळ्यात पडून मराठीत सांगितलं, "मी रोज फोन करीन." बाईंनी ते ऐकलं. एस्तेर शेजारीच उभी होती. मुलगी काय म्हणाली, ते तिने बाईंना इंग्रजीत विचारून घेतलं.

*

रिबूचं मराठी जायला औषध लागलं नाही. लहान मुलांचं तसंच जातं. पहिल्या वर्षी ती पप्पाशी मराठीत बोलायची. दुसऱ्या वर्षी मधे मधे इंग्रजी यायला लागलं. तिसऱ्या वर्षी तिला पप्पाचं काहीच कळेना, आणि नऊ वर्षांच्या मुलीला न कळणाऱ्या माणसाशी बोलायची लाज वाटते. रोजचा फोन आठवड्यावर आला. यंत्र लावायला दानिएल तयार नव्हता. पालथा घातलेला फोन तो विसरला नव्हता. त्याने बाईंना विचारलं, आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी बाई वर्कशॉपमागच्या त्याच्या क्वार्टरमध्ये जाऊन बसू लागल्या. फोन मधे, एका बाजूला दानिएल, दुसऱ्या बाजूला बाई. बाप बोलायचा ते बाई इंग्रजीत सांगायच्या, मुलगी बोलायची ते मराठीत.

सुरुवातीला त्या नेमकं तेवढंच सांगायच्या. मग रिबूचे शब्द कमी होत गेले. कधी कधी ती नुसतं 'फाइन' म्हणायची, आणि समोर दानिएल वाट बघत असायचा. एक शब्द त्याच्या हातात ठेवणं बाईंना जमेना. त्या थोडं वाढवू लागल्या. रिबूला शाळेत बक्षीस मिळालं तर ते पप्पांना दाखवायचं होतं म्हणते, असं त्या सांगायच्या. तिने विचारलेलं नसायचं तेव्हाही, जेवलात का विचारतेय, असं सांगायच्या. तिकडूनही तसंच. दानिएल फार बोलायचा नाही, मग बाई इंग्रजीत त्याच्या वतीने दोन वाक्यं जास्त बोलायच्या. बावीस वर्षं त्यांनी मुलींना बजावलं होतं, वाक्यात नसलेलं भाषांतरात घालायचं नाही. आता त्या दर रविवारी तेच करत होत्या.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी रिबू फोनवर आली ती अंगात फुटबॉलचा शर्ट घालूनच. मागे कुणीतरी तिला हाका मारत होतं. दानिएलने तिच्या खोकल्याचं विचारलं, बाईंनी ते सांगितलं. रिबूने खांदे उडवले.

"टेल हिम आय हॅव प्रॅक्टिस," ती म्हणाली. "कॅन आय गो नाऊ?"

बाईंनी दानिएलकडे पाहिलं. तो पुढे झुकून पडद्याकडे बघत होता.

"म्हणतेय, खोकला बरा आहे," बाई म्हणाल्या. "आणि म्हणतेय, पप्पा, गाडीखाली काम करताना डोक्याला रुमाल बांधत जा. तेल गळतं."

दानिएलने मान हलवली. "बांधतो म्हणावं."

बाईंनी इंग्रजीत रिबूला सांगितलं, पप्पा म्हणतात, पळ, छान खेळ. रिबूचा चेहरा खुलला. तिने पडद्याला हात केला आणि ती गेली. थोडा वेळ तिकडची रिकामी खुर्ची दिसत राहिली, मग फोन बंद झाला.

दानिएल उठला, चहाचे कप उचलून मोरीशी गेला आणि नळाखाली धुऊ लागला. बाई पर्स उचलून निघाल्या, तेव्हा तो पाठमोराच म्हणाला, "प्रॅक्टिस मला कळतं, बाई. कॅन आय गो नाऊ, तेही कळतं. इतक्या वर्षांत तेवढं कळायला लागलंय."

बाई दारातच थांबल्या. माफी मागायची तर कुठल्या वाक्यापासून सुरुवात करायची, ते त्यांना कळेना.

"रुमालाचं बरं सुचलं तुम्हाला," तो म्हणाला. "एस्तेर तसंच म्हणायची." त्याने कप पालथे घातले आणि हात पुसत तो वळला. "पुढच्या रविवारी एक तास उशिरा या. तिकडचं घड्याळ मागे जाणार आहे."